बारा फुटांची लाल रेघ

मी पातळीपट्टी बोलतेय. तळ्यातलं पाणी किती फूट आहे ते दाखवणारी. पंपघराशेजारच्या दगडी खांबावर मला बसवलं होतं. पांढरा मुलामा, त्यावर दहापासून वीसपर्यंत काळे आकडे, आणि बाराच्या आकड्याशी एक ठसठशीत लाल रेघ. तुमच्यापैकी कितीजणांनी मला पाहिलं असेल? तुम्ही तळ्यावर येता ते पाय बुडवायला आणि फोटो काढायला. माझ्याकडे बघायला पगारी माणूस ठेवावा लागतो.

त्या लाल रेघेसाठी सरकारनं जाडजूड जलधोरण काढलं होतं. पाणी बारा फुटांच्या खाली गेलं की पलीकडच्या कारखान्यानं उपसा थांबवायचा. रेघेखालचं पाणी माशांचं, पाणपक्ष्यांचं आणि खालच्या वस्तीचं. वस्तीच्या नळाचा पाइप दहा फुटांवर होता, म्हणजे वस्तीच्या हाताशी दोन फूट पाणी राहायचं. एवढं साधं शहाणपण सांगायला त्यांना एकशेचाळीस पानं लागली, पण लिहिलं होतं बरोबर. मला बसवलं त्या दिवशी मोठ्या साहेबांनी भाषण ठोकलं, "ही पट्टी म्हणजे आमच्या धोरणाचा कणा आहे!" टाळ्याही पडल्या. पुढं या कण्याचं काय केलं ते ऐका.

माझी नोंद घ्यायला एक बाई यायची. खात्यात तिला सगळे आकडेबाई म्हणत. सकाळी आठच्या ठोक्याला ती पायरीवर उकिडवी बसायची, लाटा निवेपर्यंत थांबायची आणि मगच वहीत आकडा लिहायची. माझ्यावर शेवाळ चढलं की घासून काढायची आणि वर मलाच दटावायची, "अगं, तोंड तर दाखव जरा!" मला लाडीगोडी खपत नाही, पण तिचं मी ऐकून घ्यायचे. ती राहायची खालच्या वस्तीत, सासू आणि दिराबरोबर. नवरा लांबच्या गावी नोकरीला. दीर आमच्याच खात्यात फिटर होता, तोही कंत्राटी.

एका वर्षी पावसानं ओढ दिली आणि पाणी भराभर उतरलं. आकडेबाईनं साडेअकरा लिहिलं. नियमाप्रमाणे कारखान्याचा पंप बंद झाला, पण दोनच दिवस. तिसऱ्या दिवशी सुट्टी होती. भर दुपारी, लख्ख उन्हात तेच भाषणवाले साहेब आले, मागून पाना घेऊन फिटर. लबाडीला अंधार लागतो अशी माझी समजूत होती, ती त्या दिवशी गेली.

"तीन फूट खाली घे हिला," साहेब म्हणाले.

"पण साहेब, मग आकडा चुकेल ना..."

"आकड्याचं मी बघतो. तुला कायम व्हायचंय की नाही?"

फिटरनं माझे बोल्ट काढले. तीन फूट खाली नवी भोकं पाडली, जुनी सिमेंटनं बुजवली. खालचे दोन बोल्ट पाण्यात बसेनात, तेव्हा मला चक्क तारेनं आवळून टाकलं. दुसऱ्या दिवशी माझ्यावर साडेचौदा फूट पाणी! कारखान्याचा पंप पुन्हा गुरगुरायला लागला. मी जन्मात कधी खोटं बोलले नव्हते. आता उभ्या जागी खोटं बोलत होते आणि गप्प बसायची सोय नव्हती. त्या माणसांचा मला इतका संताप आला की काय सांगू.

आकडेबाईला फसवणं सोपं नव्हतं. तिनं ताजं सिमेंट पाहिलं, तार पाहिली, आणि वहीत दोन आकडे लिहिले. पट्टीवर साडेचौदा, खरं साडेअकरा. साहेबांनी बोलावून झाडलं, तरी रोज दोन आकडे.

पाच आठवड्यांत खरं पाणी साडेनऊवर आलं. वस्तीचे नळ फुसफुसले आणि बंद पडले. माझ्यावर मात्र साडेबारा. लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा चौकशी समिती आली. तिघंजण, तिघांच्या हातात पाण्याच्या सीलबंद बाटल्या.

"साडेबारा फूट आहे की! तुमचा पाइपच चोंदला असणार," त्यातला एक म्हणाला.

आकडेबाई पुढं झाली. "साहेब, ती बुजवलेली भोकं बघा. पट्टी हलवलीय." मग ती दिराकडे वळली. "भावोजी, तुम्ही सांगा. पाना तुमच्याच हातात असतो."

फिटरनं मान खाली घातली. "पट्टी होती तिथंच आहे, वहिनी."

त्याच्याही घरचा नळ कोरडाच होता, बरं का. समितीनं शिफारस केली की वस्तीनं पाणी जपून वापरावं. एका रकान्यात दोन आकडे लिहिले म्हणून आकडेबाईची बदली जुन्या कागदांच्या खोलीत झाली. तिच्या जागी आलेला गृहस्थ गाडीवरून न उतरताच मला वाचायचा.

पाणी नऊवर गेलं, म्हणजे माझ्यावर बारा. साहेब पुन्हा हजर. पण आता खांबाचा चौथरा आड येत होता.

"साहेब, आणखी खाली जात नाही ही."

"मग खालून काप."

मला पायरीवर आडवं टाकून फिटरनं करवत चालवली. मुलाम्याचे टवके उडाले. दोन फुटांचा तुकडा, लाल रेघेसकट, चिखलात पडला. वरची पट्टी चौथऱ्याला टेकवून बसवली. तिच्यावर आता चौदा फूट पाणी दिसतं, आणि रेघच नाही म्हटल्यावर पाणी रेघेखाली जाणार तरी कसं? ती वरची तिकडे काय बोलायचं ते बोलो. मी तो चिखलातला तुकडा.

दुसऱ्या दिवशी आकडेबाई कळशी घेऊन तळ्यावर आली, वस्तीतल्या साऱ्या बायकांसारखी. काठाचं पाणी हिरवं झालेलं, वर मेलेले मासे. कळशी भरताना तिला मी दिसले. तिनं मला उचललं, पदरानं पुसलं आणि काखेत मारून घरी आणलं.

चार दिवसांनी सासूबाईंनी अंथरूण धरलं. ते हिरवं पाणी उकळूनही बाधलं होतं. दुपारी फिटर जेवायला बसला. दुसऱ्याच घासाला ठसका लागला.

"वहिनी, पाणी!"

आकडेबाईनं मला आणून त्याच्या ताटाशेजारी ठेवलं.

"हे काय?"

"तुम्ही कापलेलं, भावोजी. या रेघेखालचं पाणी आपलं होतं. घ्या, प्या."

तो ठसकत राहिला. आतून सासूबाईंचा क्षीण आवाज आला, "अगं, त्याला पाणी दे की!"

आकडेबाईनं तांब्या भरून दिला. सासूबाईंच्या शब्दाखातर दिला ते त्यालाही कळलं असावं, कारण त्यानं तो तोंडाला लावला नाही.

मला पुन्हा खांबावर बसवा, असं मी म्हणणार नाही. तुमच्या हातात पाना द्यायची आता मला भीती वाटते. मला त्याच्या तोंडून एकच वाक्य हवंय, समितीसमोर, मोठ्यानं: पट्टी मी हलवली. अजून तो बोललेला नाही. सासूबाई अजून उठलेल्या नाहीत. आकडेबाई रोज दुपारी आधी मला मांडते, मग त्याला ताट वाढते.