राक्षसाच्या दिशेनं एक पाऊल

“तुझी बाई भेदरली, आज्जी. आता तिला राक्षसाच्या दिशेनं एक पाऊल टाकता येणार न्हाई.”

“का? पाय मोडले का तिचे?” बेबीनंदाबाईंनी विचारलं.

रविवारची दुपार होती. नात संध्या सुट्टीत हॉस्टेलवरून जाफराबादला येताना हा खेळ घेऊन आली होती. त्याला ना पट ना सोंगट्या. एकीनं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं आणि अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. मैत्रीण शीतल आली नाही, म्हणून संध्याच्या भावानं, नागसेननं, आजीलाच ढालवाली बाई करून बसवलं. तिचं नावही बेबीनंदाच ठेवलं. दुसरीतून शाळा सुटली तरी तीन लेकरं पदवीपर्यंत नेलेल्या बाईला उसनं नाव कशाला हवं?

“राक्षस गरजला, ती भीतीची जादू होती,” संध्या म्हणाली. “तुला पंधरा पाह्यजे होते, आले सात.”

“मी कोणाच्या बापाला भेत न्हाई.”

“तू न्हाई, ती भेली. मागं सरता येतं, लढता बी येतं, पण नेम चुकतो. जवळ तेवढं जाता येत न्हाई. दर खेपेला पुन्हा फासा टाकायचा. पंधरा आले की भीती सुटली.”

“अन् त्याच्याकडं बघितलंच न्हाई तर?”

“मंग भीती लागत न्हाई.”

“मंग मी तोंड फिरवून बसते.”

“चार महिने तेच करून राह्यली ना तू!” नागसेन हसला.

“तुझी जीभ लई चालून राह्यली रे. आधी दाढी येऊ दे.”

पण टोला बसला होता. उद्या सकाळी सातला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी जालन्याला न्यायला गाडी यायची होती. ही तिसरी वेळ. पहिल्यांदा पुतणीचं लग्न आडवं आलं, दुसऱ्यांदा गुडघा. आता थांबलात तर डोळा हाती लागणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाई म्हणायच्या, मला सगळं साफ दिसतं, उगं पोरांचा खर्चा कशाला. त्यांचे मालक तातेराव हर्नियाच्या ऑपरेशनला असेच स्वतःच्या पायानं गेले होते, पानाची चंची खिशात घालून. घरी आणून दिली ती चंचीच. हे त्या कुणाजवळ बोलत नसत.

त्यांनी फासा टाकला, उचलून डोळ्याशी नेला आणि ठसक्यात म्हणाल्या, “सतरा!”

नागसेननं फासा वाचला होता. तो काही बोलणार तोच संध्यानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग तीच म्हणाली,

“चार हायेत, आज्जी.”

“ठावं हाय मला.”

पुढच्या खेपेला राक्षसानं नागसेनच्या माणसाला आडवं केलं. बाईंची वेळ आली. त्यांनी फासा टाकला, पण उचलला नाही. भिंतीकडं बघत म्हणाल्या, “तूच वाच.”

“नऊ.”

“असू दे. संपीव आता. भाकरी टाकायच्यात.”

सकाळी बाई इस्त्रीचं पातळ नेसून, पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. गाडी आली. हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. बाई हलल्या नाहीत. संध्या शेजारी उभी होती. चल म्हणाली नाही.

बाईंनी मूठ उघडली. आत फासा होता. त्यांनी तो पायरीवर टाकला. टणटण उड्या घेत तो रस्त्यावर गेला.

“किती आले गं?”

संध्या वाकली. “दिसत न्हाई आज्जी. गाडीखाली गेला.”

“मला बी न्हाई दिसत,” बाई म्हणाल्या. “बरेच दिस झाले.”

पिशवी काखेत मारून त्या उठल्या. एक हात भिंतीवर सरकवत पायरी उतरल्या. पुढं भिंत संपली, तिथं जरा थांबल्या. संध्यानं हात पुढं केला. तो न घेता त्या गाडीपर्यंत गेल्या आणि ड्रायव्हरनं मागचं दार उघडताच म्हणाल्या,

“मागं कशाला? मला पुढं बसीव.”