अपूर्णविरामापुढचा कंस

शेळी फुकट होती, गाभण होती, तरी कोणी नेत नव्हतं.

जाहिरात माझ्या वडिलांनी दिली होती, आणि ती ज्या संकेतस्थळावर दिली होती ते माझंच. कॉलेजात असताना विद्यार्थ्यांनी एकमेकांशी चर्चा करावी म्हणून मी ते बनवलं आणि गंमत म्हणून नाव ठेवलं 'कळप'. विद्यार्थी आले नाहीत. शेळीवाले आले. पहिलाच प्रश्न पडला, 'बोकड खोकतोय, काय द्यावे?' आणि मी काही बोलायच्या आत त्याला सात जणांनी उत्तरं दिली. तेव्हापासून मी तिथला व्यवस्थापक आहे. बोकडांतलं मला आजही काही कळत नाही. एकदा मी पारनेरच्या गहिनीनाथांना विचारलं, तुम्ही हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर का करत नाही? ते म्हणाले, "तिथं गुड मॉर्निंगच्या फुलांतून शेळीचा जुलाब हुडकावा लागतो."

आमच्या घरात शेळी असायचं खरं तर काही कारण नाही. आमच्यात मागच्या सहा पिढ्यांनी कागद सोडून काही पाळलेलं नाही. पण आई एकदा घोडेगावच्या बाजारात लोखंडी खाट आणायला गेली आणि शेळी घेऊन आली. बाबांनी दारातच विचारलं, "खाट?" आई म्हणाली, "चारच पाय आहेत हिलाही." विषय संपला. शेळीचं नाव तिने पुष्पावती ठेवलं. हे बाबांच्या आत्याचं नाव. का, तर दोघी चावताना एकाच बाजूला बघतात.

दुपारचा चहा झाला की पुष्पावती अंगणातून ओरडायची. आई आतून म्हणायची, "आले गं." तेवढ्याने ती गप्प व्हायची. आई कधी लगेच जायची, कधी जायचीही नाही. शेळीला ओ मिळाली की पुरे असायचं.

आई गेली मागच्या पावसाळ्यात. पुष्पावती अजून ओरडते. आता आतून कोणी काही म्हणत नाही, म्हणून ती ओरडतच राहते. बाबा उठून खिडकी लावून घेतात. आई गेल्यापासून बाबांनी तिचं नाव उच्चारलेलं नाही. आम्ही दोघं गॅस, वीजबिल आणि दोडका या विषयांवर बोलतो. दोडक्यावर तर फारच सविस्तर.

मग एके दिवशी 'कळप'वर जाहिरात आली.

बाबा साखर कारखान्यात हेडक्लार्क होते. त्यांनी आयुष्यभर एकाच पद्धतीने लिहिलं. आधी शब्द, मग अपूर्णविराम, मग कंसात माहिती. अपूर्णविराम म्हणजे ती एकाखाली एक दोन टिंबं. बाबा त्याला कोलन म्हणत नाहीत. कोलन आतड्याला म्हणतात असं त्यांनी मला शाळेत असताना सांगितलं होतं. तर जाहिरात अशी होती.

विषय:(शेळी देणे आहे)
नाव:(पुष्पावती)
प्रकृती:(उत्तम, गाभण)
किंमत:(विनामूल्य)
कारण:(जागेची अडचण)

आता यात एक भानगड आहे. 'कळप' ज्या तयार सॉफ्टवेअरवर चालतं, त्याला दोन टिंबं आणि त्याला चिकटून उघडणारा कंस दिसला, की ते त्याचा रडवेला चेहरा करतं. पिवळा, गोल, तोंड पडलेलं. त्यामुळे आमच्या नेवाशातून निघालेली जाहिरात पारनेरात आणि पुणतांब्यात पोचली ती अशी:

विषय🙁शेळी देणे आहे)
नाव🙁पुष्पावती)
प्रकृती🙁उत्तम, गाभण)
किंमत🙁विनामूल्य)
कारण🙁जागेची अडचण)

बाबांना हे माहीत नव्हतं. इंटरनेट मिनिटाच्या हिशोबाने मिळायचं त्या काळात त्यांनी आपल्या संगणकावर चित्रं दिसणं बंद करून टाकलं होतं, ते अजून बंद आहे. त्यांना त्यांचे कंस कंसासारखेच दिसायचे.

खाली उत्तरं यायला लागली.

'काका एवढं रडत देऊ नका.'

'फुकट शेळीला मी जन्मात नाही म्हणालो नाही. पण हिला हात लावायची हिंमत होत नाही,' हे गहिनीनाथ.

'दादा जागा नसंल तर आमी येऊन गोठा बांधून देतो पण डोळ्यातलं पानी पुसा,' हे पुणतांब्याच्या मालनबाईंचं. मालनबाई मोबाईलला तोंडाने सांगतात आणि तो लिहितो, म्हणून त्यांच्या लिखाणात स्वल्पविरामही नसतो, दमही नसतो.

बाबांनी तिघांना वेगवेगळं, पण तेच उत्तर दिलं. 'आपला गैरसमज झालेला आहे. शेरा:(मी रडत नाही)'. हे अर्थातच कोणालाच पटलं नाही.

मग शेजारच्या खोलीतून टाइप केल्याचा आवाज आला आणि मला निरोप आला. 'मा. व्यवस्थापक महोदय यांस, जाहिरातीस मिळणारा प्रतिसाद विषयाला सोडून आहे. काही तांत्रिक दोष असल्यास कृपया कळवावे. आपला, सुमंत.' मी लिहिलं, 'पाहून सांगतो.' त्यांनी लिहिलं, 'आभारी आहे.' मग ते खोलीतून बाहेर आले आणि म्हणाले, "वरद, दोडका चिरलाय का?"

दोष कुठे आहे हे मला माहीत होतं. एका चौकोनातली खूण काढली की चेहरे बंद. पण चेहरे गेले की त्याच दिवशी शेळी जाणार, हेही माहीत होतं. आणि शेळी गेली की आईला हाक मारणारं घरात कोणी उरणार नव्हतं. मी पाहत राहिलो. पाहून सांगतो असंच तर लिहिलं होतं.

रविवारी दुपारी दार वाजलं. बाहेर नऊवारीतली एक बाई, हातात पिशवी. पिशवीतून दोराचं टोक डोकावत होतं.

"रडनारे दादा हितंच राहत्यात का?"

मी बाबांकडे बघितलं. बाबा दोडक्याच्या शिरा काढत होते.

"मी मालनबाई. पुणतांब्याची. श्रीरामपुरात यष्टी बदलून, इचारत इचारत आले." त्या थेट आत आल्या आणि बाबांच्या समोर बसल्या. "दादा, आसं करू नका. मान्सानं एवढं रडू न्हाई. शेळीचं दूध आटतं."

"बाई, मी रडत नाही," बाबा म्हणाले. "मी कंस करतो."

"मंग ह्ये कोन रडतंय?"

त्यांनी मोबाईल बाबांच्या पुढ्यात धरला. बाबांनी चष्मा पुसला, घातला, आणि आपली जाहिरात पहिल्यांदा जगाला दिसते तशी पाहिली. पाच ओळी, पाच पडलेली तोंडं.

"हे कोणी काढलं?"

"बाबा, ते आपोआप होतं," मी म्हणालो. "अपूर्णविरामापुढे उघडणारा कंस आला की रडकं तोंड. बंद होणारा आला की हसरं."

बाबांनी यावर खरंच विचार केला. "पण उघडलेलाच नाही तो कंस बंद कसा करायचा?"

"लोक करतात."

"म्हणजे हसायचं तर व्याकरण सोडायचं," बाबा म्हणाले. त्यांना ते मान्य नव्हतं हे दिसतच होतं.

मग ते मालनबाईंच्या मोबाईलवर बोट फिरवत मागे मागे गेले. त्यांनी 'कळप'वर जे जे लिहिलं होतं ते सगळं निघालं. 'लक्षण🙁भूक मंद)'. 'चारा🙁सुबाभूळ)'. शेवटी अगदी पहिलं. 'शेळीचे नाव🙁पुष्पावती), नाव ठेवणार🙁सौ. अंबिका)'. तिथे त्यांचं बोट थांबलं.

"हे चुकीचं आहे," ते म्हणाले. "हे अंबिका असतानाचं आहे. तेव्हा मी मजेत होतो."

आईचं नाव त्या घरात इतक्या दिवसांनी आलं, आणि ते मी आणलं नव्हतं, सॉफ्टवेअरच्या एका बगने आणलं होतं. मी दोडक्याकडे बघत राहिलो. दोडक्यात बघण्यासारखं फारसं काही नसतं.

"मजेत हुता?" मालनबाईंनी विचारलं.

"हो. तसं दाखवत नसे."

"व्हय. त्वांडाकडं बघून कळंना खरं."

बाबांनी मोबाईल त्यांच्या हातात परत दिला. मग एकदम हेडक्लार्क झाले. "वरद, हे बंद कर. आत्ता. जाहिरात जशी लिहिली तशी दिसली पाहिजे."

आता टाळायला जागाच नव्हती. मी लॅपटॉप उघडला, खूण काढली. मालनबाईंनी मोबाईलवर पान पुन्हा उघडलं. चेहरे गेले. जाहिरात स्वच्छ, कोरडी, कारखान्याच्या नोटीसबोर्डासारखी झाली.

"आता कोनी रडत न्हाई," मालनबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून दोर काढला. "मंग सोडू का शेळी?"

"न्या," बाबा म्हणाले.

"नेणार कशी?" मी विचारलं. काहीतरी अडचण काढायची होती.

"यष्टीनं. बायांना अर्धं तिकीट हाय. शेळी बी बाईच हाय की."

"कंडक्टर ऐकेल?"

"वळखीचा हाय. त्याच्या बोकडाचा खोकला म्याच घालवला."

त्या दोर घेऊन अंगणात गेल्या. बाबा आतच बसले, हातात अर्धा सोललेला दोडका. मी दारात. मालनबाईंनी पुष्पावतीच्या पोटाला हात लावून पाहिला, कानामागे खाजवलं, आणि दोर गळ्यात टाकला. तेवढ्यात ती ओरडली. वेळच तिची झाली होती. ओरडली आणि घराकडे बघत थांबली. मालनबाईंनी ओढलं, ती हलली नाही. पुन्हा ओरडली.

बाबा उठले. मला वाटलं, खिडकी लावायला. ते खिडकीपाशी गेलेही, कडीला हात लावला.

"आलो गं," बाबा म्हणाले.

हळूच म्हणाले. चुकून निघाल्यासारखं. पण पुष्पावतीने ऐकलं. तिने तोंड मिटलं, मान खाली घातली आणि मालनबाईंच्या पिशवीचा बंद चावायला लागली, एका बाजूला बघत.

मालनबाईंनी खिडकीकडे बघितलं, मग शेळीकडे. मग गळ्यातला दोर काढला, त्याची नीट गुंडाळी केली आणि पिशवीत ठेवला.

"च्या ठिवा," त्या मला म्हणाल्या. "शेळी काय माझ्यासंगं येत न्हाई. येवढ्या लांब आले ते च्या तरी पिऊन जाते."

बाबा अंगणात आले. ते पुष्पावतीजवळ उभे राहिले. शेळीशी काय बोलतात हे त्यांना माहीत नव्हतं, त्यामुळे त्यांनी तिला सांगितलं, "बरं आहे." चहा झाल्यावर त्यांनी मालनबाईंना एसटी स्टँडपर्यंत सोडलं आणि परत येताना सुबाभळीचा एक भारा घेऊन आले, खांद्यावर. आमच्या सात पिढ्यांतला हा पहिला भारा.

संध्याकाळी शेजारच्या खोलीतून टाइप केल्याचा आवाज आला. 'कळप'वर, सगळ्यांसमोर:

'मा. व्यवस्थापक महोदय यांस, विषय:(चित्रे पूर्ववत करणेबाबत). माझ्या सांगण्यावरून आपण जी चित्रे बंद केली ती कृपया पुन्हा सुरू करावीत. शेळी देणे नाही. कारण:(अंबिका)'.

मी तो निरोप दोनदा वाचला. मग खूण केली. पान पुन्हा उघडलं. शेवटची ओळ आता अशी होती: 'कारण🙁अंबिका)'.

या वेळी कोणी 'रडू नका' लिहिलं नाही. गहिनीनाथांनी नुसतं 'बरोबर' लिहिलं. मी लिहिलं, 'अर्ज मंजूर.' शेजारच्या खोलीतून नाक शिंकरल्याचा आवाज आला. मी दोडक्याची भाजी गरम करायला उठलो, कारण आमच्या घरात अशा वेळी दुसरं काय करायचं हे अजून ठरलेलं नाही.

पुष्पावती व्याली त्या दिवशी मी बाहेर गेलो होतो. बाबांनी मला फोन केला नाही. 'कळप'वर लिहिलं. पण लगेच नाही. आधी, असं नंतर कळलं, त्यांनी बराच वेळ कागदावर कच्चा मसुदा केला. अडचण जुनीच होती, उघडलेला नसताना कंस बंद कसा करायचा. शेवटी त्यांनी तोडगा काढला. कंस आधी रीतसर उघडला, आत मजकूर भरला, आणि बंद करायच्या जरा आधी, जिथे त्याचं काहीही काम नव्हतं तिथे, एक अपूर्णविराम ठेवून दिला.

'पुष्पावती व्याली. (दोन करडे, दोन्ही पाटी, सुखरूप:)'

पाट म्हणजे मादी करडू, हे मलाही तेव्हाच कळलं. खाली वेगळी ओळ होती. 'त्यातील एक पाट दूध सुटल्यावर पुणतांब्यास मालनबाईंकडे जाईल.' यात त्यांनी अपूर्णविराम टाळला होता. कंससुद्धा.

मी घरी आलो तर बाबा अंगणात, मांडीवर एक करडू, दुसरं त्यांच्या धोतराचा सोगा चोखतंय.

"मालनबाईंना फोन लाव," ते म्हणाले. "माझ्याकडे चित्र दिसत नाही. त्यांच्याकडे नीट उमटलंय का विचार."

मी फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. पलीकडे शेळ्यांचा गोंधळ, मग मालनबाई.

"दिसतंय की. हासतंय. झ्याक हासतंय." मग थोडं थांबून, "पर दादा, वरचे दात न्हाईत ओ त्याला."

"शेळीलाही नसतात," बाबा म्हणाले.