बकेटचे दोन ठोके

इस्पितळाच्या तळघरात डिझेलचं मशीन न्यायला मनाई होती. धूर जिन्यातून थेट वॉर्डात चढला असता. म्हणून भोंग्याच्या मेहुण्याने बॅटरीवर चालणारं, खोदाईचं छोटं पोकलेन घेतलं आणि जुन्या डिझेलवाल्यासाठी गिऱ्हाईक शोधायला लागला. मशीन भाड्याने द्यायचा धंदा त्याचा. चालवायचा त्याच्या बहिणीचा नवरा. त्याला सगळे भोंगा म्हणत. अर्धं आयुष्य डिझेल इंजिनाला पाठ लावून काढल्यामुळे तो साधं पाणीसुद्धा ओरडून मागे.

"दाजी, हे जमवून घ्या," मेहुणा म्हणाला. "जुनं गेलं की माझ्याकडे दुसरी सीट नाही. तुमच्या जागी दुसऱ्या कोणाला बसवलं तर ताई मला दारात उभं करणार नाही."

"मला काय शिकवतोस?" भोंगा ओरडला. "हे चालू आहे की बंद, तेवढं सांग."

"चालूच आहे."

लिफ्टसाठी खड्डा खणायचा होता. फरशी आधीच फोडलेली, खाली काळी चिकट माती. मशीन चांगलं होतं, हे भोंग्यालाही मान्य करावं लागलं. हादरे नाहीत, पाठीला धग नाही, कपड्यांना वास नाही. काम करताना पंपाची बारीक घरघर, आणि हात थांबला की तीही बंद.

मशीनच्या लोखंडी हाताच्या टोकाची बकेट रिकामी केली की भोंगा ती जमिनीवर दोनदा आपटे. ठक ठक. चिकटलेली माती गळून पडे. ही सवय हाताची होती. डोक्याला तिची खबरही नसे.

पहिल्या सकाळी त्याने तशीच बकेट आपटली आणि घाम पुसायला हात काढला. घरघर थांबली. खालून आवाज आला.

ठक ठक.

त्याने पुन्हा आपटली. थोडा वेळ गेला. पुन्हा तेच.

"पाइप असेल," मेहुणा म्हणाला. त्यानेही ऐकलं होतं, कारण तो हसत नव्हता.

इस्पितळाच्या प्लंबरने मान हलवली. हा सगळ्यात खालचा मजला. याखाली पाइप नाही, वायर नाही, काही नाही. खाली कोणी अडकलं असेल या भीतीने मशीन बाजूला घेतलं आणि दोन मजूर पहार-फावडं घेऊन उतरले. छातीइतकं खणल्यावर माती संपून मुरूम लागला, मग सलग खडक. त्याला कधी कोणाचा हात लागलेला नव्हता.

खड्डा झाला, काँक्रीट पडलं.

पुढचं काम गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं, एका बंगल्याच्या मागच्या अंगणात. तिथेही बकेट आपटल्यावर खालून उत्तर आलं.

भोंगा त्या दिवशी लवकर घरी आला आणि बायकोला सगळं सांगितलं.

"अहो, जरा हळू. शेजारी ऐकतात," ती म्हणाली. मग भाजी निवडता निवडता थांबली. "डिझेलवर असतानाही तुम्ही असंच आपटायचात ना? तेव्हा कुठे कोण बोललं?"

"तेव्हा ऐकू कुठे येत होतं?"

बोलून गेल्यावर त्याला त्याचा अर्थ कळला. रस्ते, पाये, गटारं, शाळेचं मैदान, स्टँडमागची मोकळी जागा. जिथे जिथे तो बसला तिथे त्याने दार वाजवल्यासारखं वाजवलं होतं, आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने मेहुण्याला फोन केला. "डिझेलवालं आहे ना अजून?"

"सकाळीच नेलं, दाजी. का?"

"काही नाही."

त्याने बकेट आपटणं सोडलं. माती चिकटली की खाली उतरायचं, फावड्याने खरवडायचं, पुन्हा चढायचं. काम रेंगाळलं. बंगलेवाल्याने तक्रार केली, तेव्हा मेहुणा स्वतः येऊन अंगणात उभा राहिला.

"अहो दाजी, मशीनला आंघोळ घालताय का? द्या की दोन दणके! असंच चाललं तर मला खरंच दुसरा माणूस बघावा लागेल."

भोंग्याने ऐकलं. मातीने भरलेली बकेट हवेत होती. त्याने ती जमिनीपासून हातभर अंतरापर्यंत खाली आणली आणि थांबला. सीट जाणार, हे त्याला कळत होतं. त्याने कंट्रोलवर हात घट्ट केला.

ठक ठक.

बकेट हवेतच होती.

मेहुण्याचं तिकडे लक्ष नव्हतं. "आता कसं बोललात! मारा अजून दोन!"

खाली शांत होतं. भोंग्याच्या ठोक्यांना उत्तर यायला जेवढा वेळ लागे, तेवढाच वेळ गेला. मग पुन्हा, जरा जोरात, ठक ठक.

"दाजी? काय झालं?"

भोंग्याने कंट्रोलवरचे हात अलगद उचलले. मेहुण्याने त्याला इतक्या हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"ओरडू नकोस," तो म्हणाला. "या वेळी त्यांनी आधी वाजवलंय."