एका मापाची बंडी

मित्रांनो, मी एक जुनी बंडी आहे, पण ऊब देणारी नव्हे. बायकांना गारठवणं हे माझं काम. माझ्या अस्तरात बारीक नळ्या आहेत आणि त्यांतून थंड पाणी खेळतं. एका मोठ्या इस्पितळाच्या तळमजल्यावर माझी उभी हयात गेली.

तुमच्या अंगात पांढरी चरबी असते, ती साठवून ठेवते. काहींच्या मानेत नि गळ्याच्या हाडांपाशी थोडी तपकिरी चरबीही असते. ही चरबी साखर जाळून ऊब देते, पण थंडी वाजल्याशिवाय जागची हलत नाही. म्हणून आधी मी गारठवायचं, मग मशीननं फोटो काढायचा. जागी झालेली तपकिरी चरबी फोटोत दिव्यासारखी उजळते. अंगावर चरबी जास्त असलेल्या बायकांत हे दिवे कमी का लागतात, याचा शोध इथल्या एक डॉक्टरीणबाई घेत होत्या.

मला शिवताना एका सडपातळ नर्सचं माप घेतलं होतं. तिच्या अंगावर मी अशी चपखल बसले, की तिच्यासकट माझा फोटो भिंतीवर लागला. कौतुकानं मी फुगले. फुगून माप वाढत नाही, हे पुढं कळलं.

एकदा इस्पितळातल्या चादरी शिवणारी मावशी आणि तिची काडीसारखी धाकटी बहीण तपासणीला आल्या. धाकटीच्या गळ्याशी लख्ख दिवे लागले. मावशीचा फोटो काळाकुट्ट. अहवालात लिहिलं, ‘तपकिरी चरबी नाही.’

“माझ्याकडे रोषणाई, ताईकडे लोडशेडिंग,” धाकटी म्हणाली. मावशीही हसली. पण आपलं शरीरच आळशी, हे तिच्या मनानं घेतलं. तिनं संध्याकाळचं जेवण सोडलं. महिन्याभरात शिलाई मशीनवर चक्कर आली आणि सुई बोटाच्या आरपार गेली. शिवणखात्यात बोलू लागले, हिला आता मशीनवरून उठवा, चादरींच्या घड्या घालायला द्या. शिवणकाम सुटलं तर मावशीकडे उरलं काय?

त्याच आठवड्यात माझी नळी गळू लागली आणि मला तिच्याचकडे पाठवलं. पट्टी बांधलेल्या बोटानं तिनं मला टाचलं आणि ठाकठीक झाली का बघायला आरशासमोर अंगावर चढवलं. बटणं लागेनात. तिनं टेप लावली. समोर सव्वा वीत जागा उघडी, आणि गळ्याच्या हाडांना माझी एकही नळी टेकत नव्हती. तपासणीच्या दिवशी मला तिच्या अंगावर बँडेजनं बांधलं होतं, ते तिला आठवलं. मित्रांनो, मी हादरले. जिला मी गारठवलंच नाही, तिच्यावर मी थंडपणाचा शिक्का मारला होता.

मावशी मला घेऊन थेट डॉक्टरीणबाईंकडे गेली. “बाई, हिचं पाणी माझ्या गळ्यापर्यंत पोचलंच नव्हतं.”

बाईंनी वही काढली. चाळीस बायकांपैकी अकराजणींच्या पानावर मदतनिसानं प्रामाणिकपणे लिहिलं होतं, ‘समोरून बांधली.’ अकराही जणींचे दिवे बंद. बाईंनी पाण्याचा रकानाही पाहिला. सगळ्यांना पाणीही एकसारखंच थंड दिलं होतं. जाड अस्तराच्या माणसाला ते कसं पुरावं, हे कुणी विचारलं नव्हतं.

मावशीनं मला दोन्ही बाजूंनी कळ्या, म्हणजे कापडाचे तिरपे तुकडे, जोडल्या, नळ्या गळ्यापर्यंत ओढल्या. पुन्हा तपासणी झाली. या खेपेला पाणी हळूहळू थंड करत नेलं, कुडकुडायच्या अलीकडे थांबवलं. मावशीच्या अंगावर काटा आला. तिच्या अंगाचा काटा मला पहिल्यांदाच जाणवला.

फोटोत गळ्याशी दोन मिणमिणते ठिपके होते.

“बहिणीपेक्षा बरेच कमी आहेत,” बाईंनी खरं तेच सांगितलं. “चरबी जास्त असली की बहुधा कमीच दिसतात.”

“कमी चालतील बाई,” मावशी म्हणाली. “तुम्ही ‘नाहीतच’ म्हणाला होतात.”

संध्याकाळी ती दोन घास जास्तच जेवली, असं धाकटी सांगत होती.

आता तीन मापांच्या नव्या बंड्या आल्या आहेत आणि मी खुंटीवर आहे. भिंतीवरचा फोटो मात्र अजून त्या नर्सचाच. मित्रांनो, कुणाला रिकामं म्हणण्याआधी एवढं करा: टेप घ्या, आणि आधी स्वतःला मापा.