सातार दुबानाची फुंकर

"ढकलू नका रे! धूर बघायचाय ना, मग मागून बघा!"

कारा-बेल घाटाच्या मध्यावर, बुरमाकान नावाच्या बाईच्या चहाखान्यासमोर, रोज अशी गर्दी व्हायची. वरून कोळशाने लादलेला ट्रक यायचा; चाकांतून धूर, ब्रेक लागता लागत नाहीत. मग मेंढीच्या कातड्याचा झगा घातलेला सातार दुबाना, म्हणजे मंतरणारा फकीर, काठीचे घुंगरू वाजवत चाकांभोवती फिरायचा.

"लोखंडाचा जीव गुदमरलाय! फू! जा, आत जाऊन चहा प्या. फुंकर मुरायला वेळ लागतो. फू!"

ड्रायव्हर तासभर चहा प्यायचे. बाहेर येऊन बघावं तर ब्रेक पुन्हा घट्ट. सगळे तोंडावरून हात फिरवून "ओमीन" म्हणायचे. मीही म्हणायचो.

मी भौतिकशास्त्राचा निवृत्त मास्तर. यातल्या निम्म्या ड्रायव्हरांना मीच शिकवलं. दुबाना एकदा आठवडाभर कुणाच्या लग्नाला गेला होता. तेव्हाही चहानंतर ब्रेक ठीक होत होते, हे मी कोपऱ्यात पुस्तक वाचता वाचता पाहिलं होतं. बोललो नाही. वाटलं, आपलंच काही चुकत असेल. शिवाय लोक हसतील.

मग दुबानाने चामड्याचे ताईत काढले. किंमत, एका ताइताला एक मेंढी.

"यात माझी फुंकर कोंडलीय. आरशाला टांगा आणि न थांबता उतरा. गिअरसुद्धा काढून न्यूट्रलमध्ये टाका, डिझेल वाचेल!"

एसेनगुल नावाच्या तरुण ड्रायव्हरने ताईत घेतला. त्या दुपारी तो चहाखान्यासमोरून हात हलवत सुसाट खाली गेला. दुसऱ्या वळणावर स्फोटासारखा आवाज झाला. आम्ही धावलो. ट्रक कड्यावर आदळून जागीच थांबला होता, पण मागचा कोळसा थांबला नव्हता. तो केबिन फोडून आत घुसला होता. एसेनगुलला ओढून काढलं तेव्हा त्याच्या छातीचा चेंदामेंदा झालेला होता.

प्रेत वर आणलं. सगळे दुबानाकडे बघायला लागले. तो डगमगला नाही.

"माझ्या ताइताला काही झालं नव्हतं. नजर लागली! पोरगा न थांबता गेला म्हणून चहा कुणाचा पडून राहिला?"

पुढचं फार भराभर झालं. कुणीतरी बुरमाकानला केसांना धरून बाहेर फरफटवलं. चहाचं पाणी उकळायचा समोवार अंगणात येऊन आदळला, उकळतं पाणी तिच्या पायांवर उडालं. घोड्याचा चाबूक तिच्या पाठीवर पडला.

"अरे, त्याला मी लहानपणापासून जेवू घातलंय रे!" ती ओरडत होती. तिच्या तोंडातून रक्त येत होतं.

"चेटकीण! दरीत टाका हिला!"

मी "थांबा" म्हणालो. मलाच ऐकू आलं नाही. मी तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो, तर चाबूक माझ्या कानावर बसला.

"सरका मास्तर! शाळा सुटली तुमची!"

तेवढ्यात वरून एसेनगुलचा धाकटा भाऊ मेदेर आपला ट्रक घेऊन आला. चाकं धुरात होती. कठड्याला घासत, ठिणग्या उडवत ट्रक कसाबसा थांबला. त्याने उतरून भावाचं प्रेत पाहिलं आणि कुणाच्या तरी हातातला चाबूक हिसकावून घेतला.

"याच्याही गाडीला दृष्ट लावली हिने!" दुबानाने चाकांवर फुंकर मारली. "फू! झाली मोकळी. आता हिचा निकाल लावा."

"झाली का मोकळी?" मी विचारलं. "मग ठेवा हात. त्या चाकाच्या भोकातून ब्रेकच्या ड्रमवर."

"फुंकर लोखंडासाठी असते, मास्तर. हातासाठी नाही."

मी हात घातला. चर्र झालं. तळव्याचं कातडं तिथेच चिकटून राहिलं. मी किंचाळलो. जळक्या मांसाच्या वासाने गर्दी मागे सरकली.

"मेदेर, ब्रेक दाब."

त्याने दाबला. पाय थेट तळाला गेला.

"आता एक तास थांब. आणि या माणसाला गाडीजवळ येऊ देऊ नकोस. मग ज्याला मारायचं त्याला मार."

तो तास मेदेर प्रेताशेजारी बसून होता. मग उठला, ड्रमवर हात ठेवला, तसाच राहू दिला. ब्रेक दाबला. घट्ट.

"कुणीच फुंकलं नाही," तो म्हणाला.

"वाऱ्याने थंड झाला," मी म्हणालो. "इतकं ओझं डोंगर खाली ओढतो. ब्रेक घासून ते अडवतो, आणि घासलं की तापतं. फार तापलं की पट्टी पकडत नाही. तू इथे थांबायचास म्हणून जगलास, मेदेर. एसेनगुलला थांबू नको म्हणून सांगितलं गेलं."

गर्दी दुबानाकडे वळली. पहिल्याच दगडाने त्याचं कपाळ फुटलं. मी पुन्हा आडवा आलो. "बास! आज एक मेलाय तेवढा पुरे. त्याला पोलिसांकडे द्या."

बुरमाकानने माझ्या हातावर गार पाणी ओतलं. तिचा ओठ फाटलेला होता.

"मास्तर, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"संशय होता."

"मग बोलला का नाहीत?"

तेव्हा लोक हसतील म्हणून बोललो नाही. म्हणून निदान हे लिहितो. घाट उतरताना गिअर काढू नका. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडी रोखून धरतं. वेग दुप्पट झाला तर थांबायला चौपट अंतर लागतं. ताईत बांधल्याने त्यातलं वीतभरही कमी होत नाही. धूर दिसला तर थांबा, आणि ड्रम थंड होईपर्यंत निघू नका. आणि कुणी चमत्कार दाखवला तर विचारा, हा माणूस नसतानाही असंच होतं का? तुम्हाला उत्तर दिसलं असेल तर मोठ्याने सांगा. चुकलात तर लोक हसतील, एवढंच.