छातीभोवतीचा दोरा

माघ उतरणीला लागला होता. माळ पिवळा, आभाळ राखी, आणि दोघांच्या मधे पर्णहीन बाभळींची एक काळी रेघ. वारा येई तो कोरडा, जाई तो कोरडा. उजेड इतका थकलेला, की भर दुपारी दिवस मावळल्याचा भास व्हावा.

त्या थकल्या उजेडात, शाळेच्या ओट्यावर, वाघचौरे गुरुजींचा इंग्रजीचा वर्ग भरे. गुरुजी नोकरीतून निवृत्त झाले होते, शिकवण्यातून नव्हे. समोर नऊ मुलं, नऊ पाट्या, आणि एका सुरातला घोष: "ॲज व्हाइट ॲज स्नो! ॲज ब्रेव्ह ॲज अ लायन!"

"गुरुजी, सिंह शूर असतो हे बघितलं कुणी?" मागून एकानं विचारलं.

"तू जा, सिंहाला विचारून ये. आम्ही थांबतो."

वर्ग खळाळला. गुरुजीही हसले, मग सावकाश म्हणाले, "बाळांनो, साहेबाच्या रोजच्या बोलण्यात ही एक रीत आहे. अनोळखी गोष्टीला ओळखीच्या गोष्टीशेजारी बसवायचं. ओझं पिसासारखं हलकं, माणूस मधमाशीसारखा कामात बुडालेला. मग न पाहिलेलंही ऐकणाऱ्याला दिसतं."

आठवीतल्या कांचनला अशा चाळीस उपमा पाठ होत्या. हिमधवल, मधुमधुर, दूरदेशीच्या चाळीस उपमा. तिच्या घरात मात्र बर्फ नव्हता, सिंह नव्हता. घरात होती फक्त आई, आणि आईच्या मांडीवरचं तंबाखूचं सूप.

आई, सोजरबाई, बिड्या वळायची. ओलं पान कापावं, चिमूट पसरावी, गुंडाळी करावी, दोरा आवळावा. पान, चिमूट, गुंडाळी, दोरा. वीस वर्षांत तिची बोटं हळदीची नव्हे, तंबाखूची पिवळी झाली होती. कांचनच्या दप्तराला तोच वास येई, आणि शाळेत शिरण्याआधी कांचन ते दप्तर वाऱ्यावर झटकून घेई.

त्या माघात सोजरबाईच्या छातीत दुखू लागलं.

तालुक्याच्या धर्मादाय दवाखान्यात केरळकडच्या एक तरुण डॉक्टरबाई नुकत्याच रुजू झाल्या होत्या. त्यांना मराठीचा एकही शब्द कळत नव्हता, आणि एरवी दुभाषीपण करणारी नर्स भावाच्या लग्नाला गेली होती. म्हणून त्यांनी कांचनलाच इंग्रजीत विचारलं: दुखणं कशासारखं आहे? सुईसारखं? दगडासारखं? आगीसारखं?

आईनं पदर सारखा केला. "सांग त्यांना, बिडीला दोरा आवळते ना मी, तसं कोणीतरी छातीला दोरा आवळतंय. पाण्याचा हंडा घेऊन चढ चढले की आवळतंय, जरा टेकले की सैल होतंय. अन् हा डावा हात ओल्या पानावानी लुळा पडतोय."

कांचननं ऐकलं. पांढऱ्या भिंती, पांढरा कोट, पांढरा स्वच्छ वास. आणि त्या शुभ्रतेत बिडी हा शब्द तिच्या जिभेवर काळा डाग होऊन बसला. तिनं तो गिळला. चाळिसांतली एक उपमा उचलली. "लाइक फायर," ती म्हणाली.

"जळजळ होते?" डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारलं.

"येस, मॅडम."

जळजळीच्या गोळ्या मिळाल्या. आणि सोजरबाई गल्लीभर सांगत सुटली, "माझ्या पोरीनं माझं दुखणं इंग्रजीत सांगितलं, बाई! फाडफाड! डॉक्टरीण बघतच राहिली." प्रत्येक उंबऱ्यापाशी ती थांबे. श्वासासाठी थांबे, आणि कौतुकासाठी थांबल्याचं दाखवी.

चौथ्या दिवशी कांचननं ती हकिगत गुरुजींना अभिमानानं ऐकवली. गुरुजी म्हणाले, "शाब्बास. आता आई काय म्हणाली होती, ते तिच्या बोलीत सांग बघू."

तिनं सांगितलं. दोरा सांगितला, हंडा सांगितला, ओलं पान सांगितलं. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला.

गुरुजींच्या हातातला खडू खाली आला. "उपमा मी पाठ करून घेतल्या," ते म्हणाले, "पण त्या घरच्याही चालतात, हे सांगायचं राहिलं माझं. ऊठ, बाळ. आत्ताच्या आत्ता."

सोजरबाई दारातच बसली होती. कपाळावर माघातला घाम, डावा हात मांडीवर परका. गुरुजींनी रिक्षा आणली.

दवाखान्यात कांचन या वेळी अडखळली नाही. तुटक इंग्रजीत तिनं सगळं सांगितलं: मी खोटं बोलले. आग नाही. दोरा. बिडीवर आवळतात तसा दोरा. चढावर घट्ट, बसल्यावर सैल.

त्या परक्या वाक्यांतला एकच शब्द आईला कळला. तिनं पिवळी बोटं झटकन पदराखाली घेतली आणि कुजबुजली, "अगं, इथं कशाला बिडीचं नाव काढतेस? काय म्हणतील त्या?"

कांचननं पदराखाली हात घालून ती बोटं बाहेर काढली आणि धरून ठेवली.

यंत्रातून कागदाची पट्टी सरकली. तिच्यावरची रेघ पाहताच डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. हृदयाचा मोठा भाग निकामी झाला होता. जिल्ह्याला नेणं भाग होतं, आणि वाट दोन तासांची होती. डॉक्टरबाई स्वतःच रुग्णवाहिकेत चढल्या.

काचेबाहेर माळ मागे पळत होता. कापलेली शेतं, ओस खळी, थिजलेला राखी उजेड. आईच्या छातीवर डॉक्टरबाईंचा हात, आईच्या हातात कांचनचा.

"आता कसं वाटतंय, आई?"

"आता बरंय. दोरा सुटला." आई क्षीण हसली. "नदीत पाय सोडून बसल्यावानी गार गार वाटतंय."

डॉक्टरबाईंनी नजरेनंच विचारलं: काय म्हणते?

चांगलं सांगावं, असं कांचनच्या ओठांशी आलं. पण तिनं जसं होतं तसं सांगितलं. नदी सांगितली, पाय सांगितले, गारवा सांगितला. डॉक्टरबाईंचे हात घाईनं चालू लागले, आणि त्या घाईचा अर्थ कांचनला कळला.

"पाणी घोट्याला लागलं," आई म्हणाली. कांचननं सांगितलं.

"गुडघ्याला लागलं." कांचननं सांगितलं.

"कमरेला आलं गं..." कांचननं तेही सांगितलं. शब्द न बदलता, डोळे न पुसता, एकेक शब्द आईच्या तोंडून उचलून, ओंजळीतून सांडू न देता, पलीकडे पोचवत राहिली.

मग आई बोलायची थांबली. डॉक्टरबाईंनी मान वर करून पाहिलं. कांचन आईच्या ओठांकडे पाहत राहिली, पाहत राहिली. आणि पाणी वर चढत गेलं, गार, निःशब्द, काठोकाठ.