दोन चाकोऱ्यांचं घर

मी तिबोटी खंड्या बोलतोय. हो, हो, पायाला बोटं तीनच आहेत, ठाऊक आहे मला! पण बाकीचा थाट बघा ना. पाठ जांभळी, पोट पिवळंधमक, चोच लालभडक आणि अंगापिंडाने जेमतेम चिमणीएवढा. जंगलातल्या ओढ्यावरून सुळकन गेलो, की बघणारा "काय गेलं रे?" म्हणत राहतो.

आम्ही घरासाठी काड्या गोळा करत बसत नाही. मी आणि माझी बायको आळीपाळीने उडत येऊन मातीच्या दरडीवर चोच आपटतो. डोकं झणझणतं हो! यंदा असाच दोन हात लांब बोगदा खणला. आत चार पिल्लं. आमच्या ये-जा करण्याने दाराशी पायांच्या दोन बारीक चाकोऱ्या पडल्या.

त्याच दरडीची माती एक कुंभार न्यायचा. मोठा कसबी माणूस. प्रत्येक मडकं बोटाच्या पेराने टकटक वाजवायचा, कान देऊन ऐकायचा, मगच विकायला काढायचा. पण एका सकाळी त्याला आमचं बीळ दिसलं आणि गडी टरकला. "साप!" म्हणाला, आणि ओल्या मातीचा गोळा थापून त्याने तोंडच बुजवलं.

मी पाल घेऊन आलो, तर दार गायब! पिल्लं आत कोंडलेली. जीव नुसता कासावीस झाला. धडका मारल्या, पण तोंडात पाल. जोर कसा लागणार? आणि पिल्लांचा घास टाकवेना. शेवटी भीती सोडून कुंभाराने बाजूला रोवलेल्या फावड्याच्या दांड्यावरच जाऊन बसलो.

"अहो, हा बघा," सोबत माती भरायला आलेली कुंभाराची बायको म्हणाली. "घास तोंडात आहे, पण गिळत नाही. कुणाला तरी भरवायचाय त्याला."

ती दरडीशी वाकली. गोळ्याखाली चाकोऱ्यांची टोकं उघडी होती. "साप काय दोन पायांनी चालतो? काय तुम्ही पण!"

कुंभाराचा चेहरा खर्रकन उतरला. फावड्याला त्याने हात लावला नाही. नुसत्या बोटांनी गोळा हळूहळू सोडवला. आतून पिल्लांचा कालवा ऐकू आला. "आहेत गं, चांगली आहेत!" म्हणताना त्याचे डोळे भरून आले.

पुढे चारही पिल्लं मोठी होऊन उडाली. त्या बाईच्या नजरेचं मला फार कौतुक वाटतं, आणि त्याचंही. आता तो माती न्यायला आला, की आधी दरडीवर पेराने टकटक करतो, कान लावतो आणि विचारतो, "आहे का कुणी घरात?"

तुम्हीही कुठे खणायला गेलात, तर एवढं विचारा. आणि उत्तराला जरा उशीर झाला तर थांबा. आमचं घर दोन हात आत असतं.